गुपिताला मुदत हवी

भारतीय नौदलाला आजवर एकही परमवीर चक्र मिळालेले नाही. स्वातंत्र्यानंतर 21 जणांना हा सन्मान मिळाला. त्यांतले 20 भूदलाचे आणि एक हवाई दलाचे, निर्मलजितसिंग सेखों. नौदलाच्या रकान्यात शून्य. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरांना हे शून्य पाठ असते. ते शून्य का, हे मात्र त्यांना कोणी विचारत नाही.

नौसैनिक कमी शूर असतात असे कोणीच म्हणणार नाही. माझ्या मते कारण शौर्य मोजण्याच्या पद्धतीत आहे. पदकाची शिफारस करायची तर शत्रूच्या समक्ष कोणी, कुठे, केव्हा, काय केले हे लिहून द्यावे लागते आणि ते पाहणारे साक्षीदार लागतात. खंदकात, खिंडीत, टेकडीवर हे जमते. समुद्रावर शत्रू बहुधा क्षितिजापलीकडे असतो आणि जहाज बुडते तेव्हा साक्षीदारही त्याच्याबरोबर बुडतात. पाणबुडीची तर गोष्टच वेगळी. तिथे कोणाला न दिसणे हेच मुळात काम. जो अधिकारी आपली पाणबुडी शत्रूच्या बंदराच्या तोंडाशी आठवडाभर उभी करून कोणाच्याही लक्षात न येता परत आणतो, त्याने मोठा पराक्रम केलेला असतो, पण दाखवायला त्याच्याजवळ काही नसते. धूर नाही, अवशेष नाहीत, छायाचित्र नाही.

अशा माणसांचे काय करायचे, हा या लेखाचा विषय. त्यासाठी एका मराठी पाणबुडी अधिकाऱ्याचे नाव घेतो: कॅप्टन मोहन नारायण राव सामंत, महावीर चक्र. 1971 च्या युद्धात नौदलाला आठ महावीर चक्रे मिळाली, त्यांतले एक त्यांचे. खुकरी या युद्धनौकेबरोबर बुडालेले कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला थोडेफार लोकांना ठाऊक असतात, कराचीवरच्या हल्ल्याचे बब्रूभान यादवही काहींना आठवतात. सामंत म्हटले की बहुतेक जण कपाळाला आठ्या घालतात.

सामंत पाणबुडीचे माणूस. आपले पाणबुडी दल जन्माला आले ते 8 डिसेंबर 1967 रोजी, सोव्हिएत संघातल्या रिगा बंदरात, कलवरी या पाणबुडीवर तिरंगा चढला तेव्हा. त्यानंतर खांदेरी, करंज आणि कुरसुरा आल्या. यातली दोन नावे आपल्या घरची आहेत. खांदेरी हा थळच्या समोरचा शिवरायांचा जलदुर्ग, आणि करंज म्हणजे उरणजवळचे बेट. 4 सप्टेंबर 1969 ला करंज नौदलात दाखल झाली तेव्हा तिचे पहिले कप्तान होते सामंत. या पाणबुड्या सुमारे 91 मीटर लांब होत्या आणि त्यात पाऊणशे माणसे राहत. दिवसा बॅटरीवर पाण्याखाली चालायचे आणि रात्री नळी वर काढून डिझेल इंजिने सुरू करून बॅटरी भरून घ्यायची. इंजिनांचा आवाज होतो, तोच वेळ सर्वांत धोक्याचा. अंघोळीला पाणी नाही, हवेला सतत तेलाचा वास आणि तासन्‌तास फक्त कान लावून बसायचे. पाणबुडीतल्या माणसाला बाहेरचे जग मुख्यत: ऐकू येते, दिसते फार थोडे.

आता गंमत पाहा. 1971 मध्ये या पाणबुडीच्या माणसाला जे काम मिळाले त्यात पाणबुडी नव्हतीच.

त्या वर्षी मार्चअखेर पाकिस्तानची मांग्रो ही पाणबुडी फ्रान्समधल्या तुलाँ बंदरात होती. पूर्व पाकिस्तानात लष्कराने कत्तल सुरू केल्याच्या बातम्या ऐकून तिच्यावरचे बंगाली खलाशी निसटले. त्यांतले आठ जण युरोपातून वाट काढत दिल्लीत पोहोचले. बंदर कसे चालते, जहाजाच्या पोटाखाली काय असते हे जाणणारी ही आठ माणसे म्हणजे आयती संधी होती. नौदलप्रमुख ॲडमिरल नंदा आणि गुप्तवार्ता विभागाचे कॅप्टन मिहिर रॉय यांनी ती ओळखली. भागीरथीच्या काठी, प्लासीला, म्हणजे 1757 मध्ये जिथे बंगाल गेला त्याच जागी, एक छावणी उभी राहिली. तिच्यासह सगळ्या मोहिमेची सूत्रे होती कमांडर सामंतांकडे. पूर्व पाकिस्तानातल्या शेतकऱ्यांची आणि कॉलेजात शिकणारी चारशेहून अधिक पोरे तिथे तयार झाली. अंगावर पोहण्याची चड्डी, पायात रबरी पंख, कमरेला सुरा आणि छातीशी गमछ्याने बांधलेला चुंबकी सुरुंग, एवढेच त्यांचे सामान. पाण्याच्या वर फक्त नाक ठेवून प्रवाहाबरोबर जायचे, जहाजाच्या बुडाला सुरुंग चिकटवायचा आणि तसेच वाहत निघून यायचे.

ऑगस्टच्या मध्यावर एका रात्री चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज या चारही ठिकाणी एकदम स्फोट झाले. हल्ल्याची वेळ कळवली होती आकाशवाणीच्या कलकत्ता केंद्रावरून, ठरावीक गाणी लावून. परदेशी जहाज कंपन्यांनी पूर्व पाकिस्तानच्या बंदरांचा धसका घेतला. लष्कराला रसद पोहोचवणारे पाणी एका रात्रीत असुरक्षित झाले. भारताने याबद्दल चकार शब्द काढला नाही. जे काही केले ते बांगलादेशासाठी लढणाऱ्या मुक्तिवाहिनीने, अशीच भूमिका होती आणि ती त्या वेळी बरोबरच होती. युद्ध अजून जाहीर झालेले नव्हते आणि त्या पोरांच्या आईबापांची घरे सीमेपलीकडेच होती.

मला यात जे दिसते ते असे: सामंत पाणबुडीतून बाहेर आले तरी त्यांचे युद्ध पाणबुडीचेच राहिले. लपून जवळ जाणे, वाट पाहणे, पाण्याखालून घाव घालणे आणि कोणी केले ते कळू न देणे ही सगळी त्या शाळेची शिकवण. यंत्र नव्हते, तर त्यांनी माणसांनाच ते तंत्र शिकवले. त्या चारशे पोरांची ती मोहीम हे त्यांचे सर्वांत मोठे काम, असे माझे मत आहे. पण त्यांना महावीर चक्र मिळाले ते त्यानंतरच्या कामाबद्दल, जे उघड्या पाण्यावर आणि दिवसाढवळ्या झाले.

ते कामही थोर होते, यात वाद नाही. डिसेंबरमध्ये सुंदरबनातल्या अनोळखी खाड्यांतून सामंत एक छोटा ताफा घेऊन निघाले. त्यात पद्मा आणि पलाश या कलकत्ता बंदराकडून घेऊन तोफा बसवलेल्या दोन बोटी होत्या, सीमा सुरक्षा दलाची चित्रांगदा होती, आणि आपल्या पनवेलचे नाव ल्यालेली पनवेल ही छोटी गस्तीनौका होती. 10 डिसेंबरला मोंगलावर हल्ला करून ते पुढे खुलन्याकडे सरकले. तिथे आकाशातून विमाने आली आणि त्यांनी पद्मा आणि पलाशवर मारा केला. विमाने भारतीय हवाई दलाची होती. बोटींवर ओळखीसाठी पिवळे कापड पसरलेले होते, तरी घात झाला. दोन्ही बोटी गेल्या. पलाशच्या इंजिनखोलीत शेवटपर्यंत राहिलेले मोहम्मद रुहुल अमीन यांना बांगलादेशाने आपला सर्वोच्च सन्मान, बीरश्रेष्ठ, दिला. जखमी अवस्थेत किनाऱ्यावर आलेले लीडिंग सीमन चिमन सिंग साथीदारांना निसटता यावे म्हणून शत्रूच्या अंगावर धावून गेले आणि पकडले गेले. सामंतांनी पनवेलवरून वाचलेल्यांना उचलले आणि हल्ला चालूच ठेवला. या एवढ्याशा ताफ्याला तीन महावीर चक्रे मिळाली: सामंत, पनवेलचे कप्तान जोसेफ नोरोन्हा आणि चिमन सिंग. नौदलाच्या आठांपैकी तीन.

म्हणजे पदक दिसलेल्या कामाला मिळाले आणि न दिसलेले काम फाइलीत राहिले. संदीप उन्नीथन यांच्यासोबत सामंतांनी लिहिलेले या मोहिमेवरचे ‘ऑपरेशन एक्स’ हे पुस्तक आले 2019 मध्ये, युद्धानंतर 48 वर्षांनी. त्याच वर्षी मार्चमध्ये सामंत वारले.

याच युद्धातली दुसरी उदाहरणे शेजारी ठेवली की मुद्दा अधिक टोचतो. सामंतांनंतर करंज होती कमांडर विजयसिंग शेखावत यांच्याकडे. कराचीच्या समुद्रात ती शत्रूच्या अगदी उंबऱ्याशी गस्त घालून आली. पाणबुड्यांना आदेश होता की लक्ष्य नि:संशय ओळखल्याशिवाय टॉर्पेडो सोडायचा नाही. व्यापारी जहाजांनी भरलेल्या समुद्रात, पेरिस्कोपच्या क्षणभराच्या नजरेत हे ओळखणे किती अवघड असेल याचा विचार करा. करंजने कोणतेही जहाज बुडवले नाही. शेखावतांना वीरचक्र मिळाले, पुढे 1993 मध्ये ते नौदलप्रमुख झाले, आणि मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली नवी करंज 10 मार्च 2021 रोजी नौदलात आली तेव्हा प्रमुख पाहुणे तेच होते. तेव्हा न झाडलेल्या टॉर्पेडोचाही मान ठेवणारी माणसे नौदलात आहेत, हे नोंदवले पाहिजे. पण सामान्य वाचकाला 1971 ची कोणती पाणबुडी ठाऊक असते? बुडालेली पाकिस्तानी गाझी. आणि दुसरी, असलीच तर, बुडवणारी हंगोर. 9 डिसेंबरच्या रात्री हंगोरने खुकरी बुडवली आणि 18 अधिकारी व 176 नौसैनिक गेले. हंगोरचे कप्तान अहमद तस्नीम यांना पाकिस्तानने गौरवले. गाझी विशाखापट्टणमजवळ कशी बुडाली, आपल्या राजपूत विनाशिकेने टाकलेल्या पाणबुडीविरोधी स्फोटकांनी की स्वत:च्याच पोटातल्या स्फोटाने, हा वाद अर्ध्या शतकानंतरही मिटलेला नाही. दोन्ही देशांची कागदपत्रे वेळेवर समोर आली असती तर तो इतका चिघळला नसता.

हे सगळे हिंगोलीत बसून कशाला लिहायचे, असे कोणी विचारेल. समुद्र इथून सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटरांहून दूर. पाणी म्हटले की आम्हाला कयाधू, पूर्णा, सिद्धेश्वरचे धरण, इसापूरचे धरण एवढेच सुचते. भरतीसाठी पहाटे रस्त्याने धावणारी पोरे राज्य राखीव पोलीस दलाची किंवा भूदलाची स्वप्ने पाहतात, नौदल क्वचितच कोणाच्या तोंडी येते. पण नकाशा उघडून पाहा. कयाधू पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, वर्धा प्राणहितेत आणि प्राणहिता गोदावरीत. पूर्णाही गोदावरीतच जाते. या जिल्ह्यात पडलेला पाऊस अरबी समुद्राचे तोंड पाहत नाही, तो बंगालच्या उपसागराला मिळतो, म्हणजे ज्या समुद्रात गाझी बुडाली आणि ज्यावर विक्रांत या विमानवाहू नौकेने गस्त घातली तो आमचा समुद्र. आणि विशाखापट्टणमला नौदलाची पाणबुडीची शाळा आहे तिचे नाव आहे सातवाहन. पैठणच्या राजांचे नाव! ज्यांच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांची जहाजे होती त्यांच्या मुलखातल्या पोरांना समुद्र परका वाटावा, हे आमच्या शिक्षणाचे अपयश म्हणावे लागेल.

पण हिंगोलीचा संबंध याहून जवळचा आहे. सीमेपलीकडच्या छावणीत गुपचूप शिकून परत आपल्याच मुलखात शिरणे आणि सरकारचे पाय खिळखिळे करणे हे इथल्या माणसाने बंगालच्या कितीतरी आधी केले आहे. 1947-48 मध्ये पैनगंगा ही सरहद्द होती. अलीकडे निजामाचे राज्य, पलीकडे वऱ्हाड. पलीकडच्या उमरखेडला स्टेट काँग्रेसचा कॅम्प होता. तिथून पोरे नदी ओलांडून येत, करोडगिरीचे नाके जाळत आणि परत जात. दिल्ली तेव्हा निजामाशी जैसे थे कराराने बांधलेली होती, त्यामुळे हे सारे कोणाच्या नावावर लिहिले जात नव्हते. प्लासी आणि उमरखेड यांत 23 वर्षांचे अंतर आहे, पण कामाची जात एकच.

पुढे काय झाले ते मराठवाड्याला चांगले माहीत आहे. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाचे राज्य संपले, त्यानंतर वर्षे गेली, मग स्वातंत्र्यसैनिकांची मानधने सुरू झाली, आणि भूमिगत राहून काम केले म्हणून सांगणाऱ्यांकडे पुरावा मागितला जाऊ लागला. भूमिगताकडे पुरावा कुठून असणार? त्याने तर पुरावा राहू नये म्हणूनच जिवाचा आटापिटा केलेला. मग दाखले देणाऱ्यांचे महत्त्व वाढले. बीड जिल्ह्यातले बोगस स्वातंत्र्यसैनिकांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. खरे काम केलेली कित्येक माणसे कोणत्याच यादीत आली नाहीत आणि ज्यांनी काही केले नाही त्यांच्या नावापुढे सन्मान लागला. गुप्त कामाची नोंद वेळेवर झाली नाही की असे होते. विस्मरण हा त्यातला सौम्य तोटा आहे. मोठा तोटा असा की रिकाम्या जागेत खोटे येऊन बसते आणि मग खऱ्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

याविरुद्ध जे बोलले जाते तेही मला ठाऊक आहे. पहिला आक्षेप पाणबुडीवाल्यांचाच असतो. पाणबुडीची युक्ती लवकर जुनी होत नाही. कोणत्या खोलीवर, कोणत्या थराआड, किनाऱ्याच्या किती जवळ गेलो हे आजही शत्रूच्या कामाचे असू शकते. या आक्षेपाला वजन आहे. म्हणून मी मुदत म्हणतो, उघडेपणा म्हणत नाही. सोनारचे आकडे खुशाल कुलपात राहू द्या. पण माणसांची नावे, मोहिमेचा हेतू, कोणी कोणाला काय हुकूम दिला, कोण मेले, हे 30-40 वर्षांनी कुलपात ठेवून कोणाचे रक्षण होते? करंज 2003 मध्ये मोडीत निघाली. चितगावच्या त्या रात्रीनंतर दुसऱ्या पिढीचीही लग्ने झाली.

दुसरा आक्षेप नैतिक आहे: शिपाई कर्तव्य करतो, त्याला कौतुकाची हाव नसते. हे वाक्य नेहमी ज्याला कौतुक आधीच मिळालेले असते तो म्हणतो, किंवा ज्याला कागद शोधायचा कंटाळा आहे तो. शिपायाला हाव नसेल; पण त्याच्या गावाला, त्याच्या मुलांना आणि त्याच्यामागून येणाऱ्या शिपायाला काय झाले ते कळण्याचा हक्क आहे. खुलन्याची चूकच घ्या. आपल्या विमानांनी आपल्याच बोटी फोडल्या. भूदल, नौदल आणि हवाई दल एकमेकांशी कसे बोलतात किंवा बोलत नाहीत, याचा तो रक्ताने लिहिलेला धडा आहे. तिन्ही दलांच्या एकत्रित कमांडची चर्चा आजही चालू आहे आणि तो धडा तिच्यात पहिल्या पानावर हवा. गुप्ततेच्या झाकणाखाली शौर्य झाकले जाते तसे दोषही झाकले जातात, आणि मला शंका आहे की कित्येकदा झाकण दोषांसाठीच जास्त घट्ट बसवलेले असते.

सरकारने या दिशेने एक पाऊल टाकले आहे, ते मान्य केले पाहिजे. जून 2021 मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्धे आणि मोहिमा यांचा इतिहास लिहिण्याचे आणि कागदपत्रे खुली करण्याचे धोरण मंजूर केले. मोहीम संपल्यावर दोन वर्षांत समिती नेमायची, पुढच्या तीन वर्षांत इतिहास तयार करायचा आणि कागदपत्रे साधारणपणे 25 वर्षांत खुली करायची, असे त्यात म्हटले आहे. धोरण चांगले आहे. पण ‘साधारणपणे’ या शब्दाच्या आडोशाला आपल्याकडे संपूर्ण कपाट लपू शकते. आणि 1971 च्या पूर्व विभागाची कित्येक लष्करी कागदपत्रे युद्धानंतर लगेच नष्ट केली गेल्याच्या बातम्या 2010 मध्ये आल्या होत्या. त्या खऱ्या असतील तर त्या भागात आता धोरणाने खुले करायला फार उरलेलेही नाही. उरली आहेत ती माणसे.

त्यांच्याकडेही फार वेळ नाही. 1971 मध्ये विशीत असलेला सैनिक आज सत्तरी ओलांडून गेला आहे. आपल्या जिल्ह्यातल्या गावागावांत माजी सैनिक आहेत, पेन्शनसाठी महिन्याच्या महिन्याला बँकेत येतात, वर्षातून एकदा हयातीचा दाखला देतात आणि परत जातात. हयात असल्याचा दाखला आपण घेतो, हयातभर काय केले ते विचारत नाही. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाला या जिल्ह्यातली महाविद्यालये जोडलेली आहेत. विद्यापीठाचे नावच ज्या माणसाने निजामाविरुद्धच्या त्या लढ्याचे नेतृत्व केले त्याचे आहे. तिथल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांना पुस्तकातून उतरवलेले प्रकल्प देण्याऐवजी एकेका माजी सैनिकाकडे पाठवावे. मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करावा, तारखा आणि ठिकाणे ताडून पाहावीत, बढाई असेल तर तीही तशीच लिहून ठेवावी, ती वेगळी काढणारे पुढे येतील. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने यादी द्यावी. याला मोठे अनुदान लागत नाही, एखाद्या प्राचार्यांनी मनावर घेतले तर येत्या दिवाळीच्या सुट्टीतही सुरुवात होऊ शकते.

आणि वाचकहो, तुमच्या घरात, भावकीत, गल्लीत कोणी फौजेतले आजोबा असतील तर विद्यापीठाची वाट पाहू नका. चहा घेऊन बसा आणि विचारा. ते आधी म्हणतील, सांगण्यासारखे काही नाही. तरीही वही उघडी ठेवा.